मामेभाऊ पोलिसात गेला आणि बदलला, की आधीपासूनच तसा होता?

माटोळी_ताई

नमस्कार. जरा लांब लिहितेय, समजून घ्या.

माझं माहेर गोव्यात डिचोलीचं, सासर साखळीला, आणि आजोळ सत्तरी तालुक्यात. ही गोष्ट आजोळच्या धाकट्या मामेभावाची. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. कॉलेजात असताना हा पोरगा खाणीच्या ट्रकांच्या धुळीविरुद्ध फलक रंगवायचा. गंमत अशी की मामाचा स्वतःचाच ट्रक खाणीवर होता, आणि फलक रंगवायला रंग मामाच्याच पैशाने यायचा. २०१२ ला खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, टायरांत पावसाचं पाणी साचायला लागलं. मग त्याने दिसेल त्या सरकारी जागेचा फॉर्म भरला. पंचायत सेक्रेटरी, तलाठी, शिपाई, पोलीस. २०१६ ला पोलिसाचं आधी लागलं, एवढंच. लहानपणापासून खाकीचं वेड होतं वगैरे काही नाही.

यंदा चवथीला त्याला अर्धा दिवस सुटी मिळाली. आम्ही माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट) बांधत होतो. मामाच्या मागच्या दोन खोल्यांत झारखंडची पोरं भाड्याने राहतात, बांधकामावर जातात. त्यांच्यातल्या एकाचं शेजाऱ्यांशी काही वाजलं होतं, तो विषय निघाला. हा सुपारीचा घोस दोरीला बांधता बांधता म्हणाला, "यांना आधी दोन ठेवून द्यायच्या, मग विचारायचं. सरळ विचारलं तर हे लोक खरं बोलत नाहीत." (घरी आम्ही कोकणीच बोलतो, इथे मराठीत लिहिते.) मग गाडी सुटलीच. मोर्चेवाले सगळे पैसे घेऊन येतात. कोर्टं गुन्हेगारांसाठी आहेत. मानवाधिकारवाल्यांना एक रात्र ठाण्यात बसवायला पाहिजे. मी म्हटलं, अरे, त्या पोरांसारख्यांच्याच मुलांना तू रविवारी गणित शिकवायला जायचास. त्यावर म्हणाला, "तुका कळचें ना, ताई," आणि स्टुलावरून उतरून हात धुवायला गेला.

मला खरंच जाणून घ्यायचंय. असे विचार असलेलीच माणसं पोलिसात जातात, की गेल्यावर अशी होतात? घरी बोलतात तसंच ते ठाण्यात वागतात का? कोणाच्या घरात पोलीस असेल तर सांगा. शिव्या नकोत, मला तो आवडतो.

कळंगुटचो_पाव

पोलिसात गेल्यावर फक्त पोट बदलतं. बाकी सगळं आधीपासूनच असतं.

खोली_भाड्याने

तुमचा भाऊ चुकीचं काय बोलला? माझ्या चार खोल्या आहेत. भाडेकरूंच्या पडताळणीचे फॉर्म घेऊन मी दर दोन महिन्यांनी ठाण्यात जातो. आधार दाखवतात एक, गाव सांगतात दुसरं. चोरी झाली की शेजारी आधी माझ्याच दारात येतात. पोलिसांनी दरारा ठेवला नाही तर आम्ही कोणाकडे जायचं? गोव्यात आता भायलेच (बाहेरचेच) जास्त दिसतात.

निवृत्त_हवालदार

बाय, मी १९८३ ला कॉन्स्टेबल म्हणून लागलो आणि २०२२ ला एएसआय होऊन घरी आलो. पेडणे तालुक्यातला. तुझी पोस्ट दोनदा वाचली, म्हणून लिहायला बसलो. एरवी इथे फक्त वाचतो.

आत जाणारी बहुतेक पोरं नोकरीसाठी जातात, विचारांसाठी नाही. तुझ्या भावासारखीच. माझ्याबरोबर लागलेल्यांत मगोवाले (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) होते, काँग्रेसवाले होते, आणि वास्कोचा एक जण होता ज्याचा बाप धक्क्यावर लाल बावट्याच्या युनियनमध्ये. वर्षभरात आम्ही सगळे एकाच सुरात बोलायला लागलो. तुझा भाऊ वाळपईला ट्रेनिंग करून आला असेल. तिथे परेड, कायदा, हत्यार शिकवतात, हा सूर शिकवत नाहीत. तो ठाण्यातला जुना माणूस शिकवतो. माझ्या हवालदाराचं एक वाक्य होतं : "पयलीं मनशाक पळय, मागीर कागद."

माणूस बघायचा म्हणजे चप्पल बघायची, बोली ऐकायची, आणि विचारायचं, "तूं कोणाचो रे?" हा प्रश्न आपल्याकडे देवळात, लग्नात, कदंबाच्या बसमध्ये किती मायेने विचारतात. ठाण्यात त्याचं वजन वेगळं. अमक्या वाड्यावरच्या तमक्याचा, असं ज्याला सांगता येतं त्याला खुर्ची. ज्याला सांगता येत नाही तो जमिनीवर. कलम नंतर शोधायचं. काही नसलं तर पूर्वी १५१ (गुन्हा होऊ नये म्हणून आधीच अटक) होतंच, आता नव्या कायद्यात त्याचा १७० झालाय. आकडा बदलला, जमिनीवर बसणारा तोच.

खोलीवाले भाऊ, तुम्ही रागावू नका, पण एक सांगतो. ९६ की ९७ सालची गोष्ट, ठाण्याचं नाव लिहीत नाही. एका बागायतदाराचा पाण्याचा पंप चोरीला गेला. बागेत उत्तर कर्नाटकातला एक पोरगा कामाला, वीस-बावीसचा. मालकाने बोट दाखवलं, आम्ही उचलला. मी स्वतः मारलं त्याला. वरून हुकूम नव्हता, कोणी बघायलाही नव्हतं. मला खात्री होती म्हणून मारलं. तिसऱ्या दिवशी पंप सापडला भंगारवाल्याकडे. मालकाच्याच पुतण्याने मटक्याची उधारी फेडायला विकला होता. पुतण्याला आम्ही खुर्ची दिली, चहा दिला, आणि मालकाने तक्रार मागे घेतली. तो पोरगा लंगडत गेला. माफी कोणी मागितली नाही, मीही नाही. मला वाईट वाटलं असं आज म्हणतोय, पण त्या दिवशी मला काय वाटलं होतं ते खरं सांगतो : ह्याने नसेल चोरला, पण दुसरं काहीतरी केलंच असेल. बाय, तुझा भाऊ आज तिथे उभा आहे.

असं का होतं, यावर मी पुष्कळ विचार केलाय, घरी बसून दुसरं काम नाही म्हणून. एकोणचाळीस वर्षांत माझ्या टेबलासमोर हसत आलेला माणूस फक्त पासपोर्टच्या पडताळणीवाला. बाकी सगळे रडत, भांडत, झिंगून, नाहीतर खोटं बोलत आलेले. शंभर झारखंडी मजूर सकाळी डबा घेऊन कामाला जातात, ते पोलिसाला दिसतच नाहीत. एकशेएकावा दारू पिऊन सुरी काढतो, तो रात्री दोन वाजता आपल्या वाट्याला येतो. दहा वर्षं फक्त एकशेएकावे बघा आणि मग सांगा झारखंडविषयी तुमचं काय मत होतं ते.

आता राजकारणाचं. लोकांना वाटतं पोलीस म्हणजे सत्तेतल्या पक्षाचा माणूस. आमचं घर पक्कं मगोचं, भाऊसाहेब बांदोडकरांच्या वेळेपासून सिंहावर शिक्का मारणारं. ८६ च्या डिसेंबरात राजभाषा कोकणी की मराठी यावरून आंदोलन पेटलं, माणसं मेली, तेव्हा मी बराकीत ज्या खोलीत होतो तिथे शेजारच्या खाटेवर सासष्टीचा एक ख्रिश्चन पोरगा. मी मराठीवाला, तो कोकणीवाला. दिवसभर दोघांनी एकाच रस्त्यावर दगड खाल्ले. तिथे मराठीवाला दगड, कोकणीवाला दगड असा फरक कळत नाही. रात्री त्याने माझ्या खांद्याला आयोडेक्स चोळलं आणि दोघांपैकी कोणी भाषेचं नाव काढलं नाही. त्या रात्रीपासून माझ्यासाठी जगात दोन पक्ष झाले, आम्ही आणि समोरचे. समोरचे कोण, ते दर वेळी बदलतं.

आणि पुढाऱ्यांवर कॉन्स्टेबलचा जितका अविश्वास असतो तितका तुमचा कोणाचा नसेल. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका दिवसात भाजपमध्ये गेले. ज्यांच्या मोर्चांना आम्ही आडवे उभे राहायचो, त्यातल्या काहींच्या दारात दुसऱ्या दिवसापासून बंदोबस्त म्हणून उभे. कोणाला काय वाटणार? घरी व्हॉट्सॲपवर जे पाठवतात ते पाठवतात, पण ड्यूटीवर विचार एकच : बदली. पत्रादेवी ते पोळे, गोवा केवढा तो! तरी पेडण्याच्या माणसाला काणकोणला टाकला की घर मोडतं. माझ्या सुरुवातीच्या काळात तर दमण आणि दीवही आपल्यातच होतं, "दीव बघायचाय काय?" एवढं साहेबाने विचारलं की पुरे. तुझा भाऊ मोर्चेवाल्यांना पैसे घेणारे म्हणतो ना, त्याला तसं म्हणणं भाग आहे. ते स्वतःच्या मनाने आलेत असं मानलं तर त्यांच्यापुढे काठी घेऊन उभं राहताना त्रास होतो.

अजून एक, आणि हे बाहेरच्यांना कळत नाही. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोकणी यावी लागते. म्हणजे शिपाई पक्का घरचा. आणि वरचे आयपीएस साहेब येतात ते अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या सामाईक केडरमधून, दिल्लीहून, अरुणाचलहून. दोन-तीन वर्षं राहून जातात. म्हणजे दिवसभर भायल्यावर गुरकावणारा कॉन्स्टेबल संध्याकाळी भायल्यालाच सलाम ठोकतो. ह्याचा राग कुठेतरी निघतो. कुठे निघतो ते वर सांगितलंच.

तुझा भाऊ सत्तरीचा आहे. त्याला एकदा विचार, जानेवारी २०२१ मध्ये तो मेळावलीला होता का. वादावादी करू नकोस. नुसतं विचार.

वर्ग_नंबर_सात

मी समाजशास्त्र शिकवते. काकांनी अनुभवाने जे लिहिलं त्याच्या जवळपासचं जेरोम स्कोल्निक या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ मध्ये मांडलं होतं, कॅलिफोर्नियातल्या पोलिसांबरोबर फिरून. सततचा धोका, हातातला अधिकार आणि वरून "काम दाखवा"चा धोशा, या तिन्हींतून पोलिसाची एक नजर तयार होते. काही माणसांच्या नुसत्या दिसण्या-बोलण्यावरून तो सावध होतो. त्याची घरची मतं काहीही असोत.

भारतातलं मोठं सर्वेक्षण २०१९ चं, कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांचं. २१ राज्यं, जवळजवळ १२ हजार पोलीस. (गोवा त्यात नव्हता, नाहीतर मी वर्गात रोज तेच शिकवलं असतं.) मुसलमान स्वभावतःच गुन्ह्यांकडे झुकतात असं थोड्याफार प्रमाणात मानणारे सुमारे निम्मे. किरकोळ गुन्ह्यात खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी असं म्हणणारे ३७ टक्के. हे आकडे वर्तमानपत्रांनी मोठ्या मथळ्यात छापले. त्याच अहवालात पोलीस सरासरी १४ तास काम करतात आणि निम्म्यांना आठवड्याची सुटीच मिळत नाही असंही होतं, त्याची कोणी फारशी चर्चा केली नाही.

पण काका, एका ठिकाणी माझं पटत नाही. एकशेएकावा माणूस हा मुद्दा चांगला आहे, फक्त तो मालकाच्या पुतण्याला का लागू होत नाही? मटक्यासाठी चोरी करणारे पुतणे तुम्ही एकोणचाळीस वर्षांत कमी पाहिले नसतील. त्यांच्यावरून पेडण्याच्या बागायतदारांविषयी कोणी मत बनवलं नाही. म्हणजे ही नजर सगळी ठाण्यात तयार होत नाही, निम्मी घरूनच डब्यात बांधून आणलेली असते. खोलीवाल्यांची पोस्ट वाचा, ते तर पोलीसही नाहीत.

राजकीय मतांचं म्हणाल तर अमेरिकेत फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस ही पोलिसांची मोठी संघटना उघडपणे उमेदवाराला पाठिंबा देते, २०१६ आणि २०२० ला ट्रम्प यांना दिला होता. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने पोलिसाला सरकारच्या परवानगीशिवाय युनियन करता येत नाही, राजकीय संघटनेत जाता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं तरी बंधनं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांनी संघटनेसाठी बंड केलं ते चिरडलं गेलं. त्यामुळे आपल्या कॉन्स्टेबलचं मत बाहेर येतं ते माटोळी बांधताना.

काळा_कोट_म्हापसा

चौदा वर्षं कोर्टात आहे. माझा अनुभव छोटासाच सांगतो. "आम्ही पकडतो, कोर्ट सोडतं" हे वाक्य मी प्रत्येक ठाण्यात ऐकलंय. गंमत म्हणजे ज्या केसेस सुटतात त्यातल्या बऱ्याच पंचनाम्यात सुटतात. पंच तोच, दर महिन्याला तोच, ठाण्यासमोरचा गाडेवाला. उलटतपासणीत त्याला स्वतःची सही ओळखता येत नाही. पण हे सांगितलं की वकील विकला गेला.

अटकेबाबत डी. के. बसू खटल्यातले सुप्रीम कोर्टाचे नियम १९९६ चे. ते ठाण्यात ठळक लावायचे असतात. एका ठाण्यात तो बोर्ड लोखंडी कपाटामागे आहे, वरच्या दोन ओळी दिसतात. मी पीएसआयला विचारलं तर तो मनापासून म्हणाला, "वकीलसाहेब, कपाट दुसरीकडे मावत नाही." माणूस वाईट नव्हता. माझ्या आईला अपघात झाला तेव्हा स्वतःच्या गाडीतून त्यानेच नेलं होतं.

आणि हो, महिला कॉन्स्टेबलांचं वेगळं लिहायला हवं कोणीतरी. नवऱ्याने मारलं म्हणून आलेल्या बाईला "घरी जा, मिटवून घ्या" सांगणारी पहिली व्यक्ती मी बहुतेक वेळा बाईच पाहिली आहे. त्याचं कारण मला अजून नीट लागलेलं नाही.

खोली_भाड्याने

मॅडम, मी कोणाला मारा म्हटलं नाही. दरारा म्हटलं.

निवृत्त_हवालदार

वर्ग नंबर सात, पुतण्याचा मुद्दा बरोबर आहे. काल रात्री त्यावर झोप लागली नाही. त्या पुतण्याच्या लग्नाला मी जेवून आलोय.

माटोळी_ताई

सगळ्यांचे आभार. कळंगुटच्या पावाचेही.

काकांनी सांगितलं तसं मी त्याला रविवारी फोन केला. वाद घातला नाही. नुसतं विचारलं, मेळावलीला होतास? बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली.

होता. आयआयटीच्या जागेच्या सर्व्हेचा बंदोबस्त, गावकऱ्यांचा त्याला विरोध. दगड आले, यांनी अश्रुधूर सोडला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली, हे सगळं मी तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं. तो त्यात आहे हे मात्र मामानेही आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मेळावली म्हणजे मामीच्या बहिणीच्या गावापासून चालत जाण्याएवढं. तो म्हणाला, मी हेल्मेटची काच खाली ओढून तिसऱ्या रांगेत उभा होतो, उकडत होतं तरी काच वर केली नाही. समोर बायकाच होत्या जास्त. एक म्हातारी रांगेजवळ आली, एकेकाच्या तोंडाकडे वाकून बघत, आणि याच्यासमोर थांबून विचारलं, "तूं कोणाचो रे?"

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"कितें सांगतलों? मामीचं नाव सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी पोचलं असतं."

त्याच महिन्यात सरकारने ती जागा सोडून दिली. ते सांगताना तो हसला. म्हणाला, आम्ही दगड खाल्ले ते कशाला, हे कोणी आम्हाला सांगितलं नाही. मग मीच विचारलं, त्या म्हातारीलाही पैसे मिळाले होते का रे? त्यावर म्हणाला, "आता तू वकिलासारखी बोलू नको," आणि विषय बदलून मामाच्या ट्रकचं विचारू लागला. ट्रक विकायचा म्हणतायत, गिऱ्हाईक भंगाराच्या भावाने मागतंय.

झारखंडच्या पोरांविषयी त्याचं मत तेच आहे, ते बदललेलं नाही, हेही सांगून ठेवते. दिवाळीला येतो म्हणालाय. नरकासुराच्या रात्रीची ड्यूटी आहे, पहाटे सुटला तर पोहे खायला आमच्याकडे साखळीला.